जाहिरात एकाची, झाडू दुसऱ्याचा : सॉल्ट लेक आणि पर्यटनाचा जमाखर्च



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गृहस्थांची सारी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. त्यांच्या नावाने बोलायचं तर संस्कृती, राष्ट्र, मूल्यं अशा भारदस्त विषयांपेक्षा जमाखर्चाचा विषय बरा, असं मला वाटलं. तोही आपल्या दारातला. कोलकात्याच्या सॉल्ट लेकला लोक कशासाठी येतात, त्यांना कोण बोलावतं, त्यांच्यापासून पैसा कुणाच्या हाती पडतो, आणि ते परत गेल्यावर रस्ता कोण झाडतं? आजचं बोलणं एवढ्यापुरतंच आहे. वरवर वाटतं तितका प्रश्न सोपा नाही. चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कचेऱ्यांत आहेत आणि ती एकत्र मांडलेलं पान कुठल्याच कचेरीत नाही.

मराठी माणसाने कोलकात्यात पाहुण्यांच्या खर्चाबद्दल बोलणं जरा जपूनच करावं लागतं. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या वतीने भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले, आणि ते इकडे येतील या धास्तीने कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचं नावच मराठा खंदक. गंमत अशी की तो अर्ध्यावरच थांबला, बर्गी, म्हणजे ते मराठे स्वार, कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, आणि पुढे खंदक बुजवून त्या मार्गाने सर्क्युलर रोड झाला. खर्चाची व्यवस्था मात्र लक्षात ठेवण्यासारखी होती. खंदकाचा खर्च रहिवाशांनी सोसायचा, कंपनी सरकारने तूर्त उचल द्यायची. न आलेल्या पाहुण्यांचा भुर्दंडसुद्धा स्थानिकांच्या माथी! आता पाहुणे खरोखर येतात, लाखांनी येतात. भुर्दंडाची व्यवस्था फारशी बदलली आहे असं मला दिसत नाही.

सॉल्ट लेक हे गाव पाहुण्यांसाठी वसवलेलं नव्हतं. फाळणीनंतर माणसांनी ओसंडून गेलेल्या कोलकात्यातल्या मध्यमवर्गाला घर मिळावं, म्हणून मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी पूर्वेकडची खाऱ्या पाण्याची तळी भरून काढायचं ठरवलं. १९६२ च्या एप्रिलमध्ये भरणीचं काम सुरू झालं आणि १ जुलै १९६२ रोजी डॉ. रॉय गेले. हुगळीच्या तळातला गाळ नळांतून आणून इथे पसरला. आराखडा युगोस्लाव्हियाच्या दोब्रिव्होये तोश्कोविच या वास्तुरचनाकाराचा. सेक्टर, त्यांत इंग्रजी अक्षरांचे ब्लॉक, चौकात पाण्याच्या टाक्या. नवख्या माणसाला पत्ता सांगताना आजही आपण टाकीचा नंबर सांगतो. १९७२ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं तेव्हा इंदिरा गांधींसाठी बांधलेल्या बंगल्यात पुढे ज्योती बसू राहत. त्या अधिवेशनासाठी आलेले प्रतिनिधी हे सॉल्ट लेकचे पहिले मोठे प्रवासी म्हणायला हरकत नाही. त्यांना बोलावणारा पक्ष होता आणि सोय करणारं सरकार. गावाला तेव्हा स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती, ती १९९५ ची. बिधाननगर महानगरपालिका तर २०१५ ची. राजारहाट-गोपालपूर आणि महिषबाथान जोडून झालेली.

आता प्रवाशाच्या नजरेने गावातून एक फेरी मारू आणि प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारू : बाबारे, तू कुणाचा? स्टेडियम, म्हणजे विवेकानंद युवभारती क्रीडांगण, राज्याच्या क्रीडा खात्याचं. निक्को पार्क ही १९९१ पासून चालणारी कंपनी. खासगी उद्योगसमूह आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीतली. नलबनची नौकाविहाराची भेडी, म्हणजे मासळीचं तळं, मत्स्यविकास महामंडळाकडे. बनबितान, आपण सेंट्रल पार्क म्हणतो ते उद्यान, वनखात्याच्या छायेत. आयबी ब्लॉकमधलं पूर्व क्षेत्रीय सांस्कृतिक केंद्र थेट केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाचं. सिटी सेंटर हा मॉल खासगी आणि सरकारी भागीदारीचा. रचना मात्र आपल्या मुंबईच्या चार्ल्स कोरियांची, नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक असलेल्या त्याच कोरियांची. मेट्रो रेल्वेची. सेक्टर पाचचे रस्ते महानगरपालिकेचे नव्हेतच, ते नबदिगंत औद्योगिक नगर प्राधिकरणाचे. आणि पर्यटनाचं अधिकृत नाव धारण करणारं राज्य पर्यटन विकास महामंडळ डीजी ब्लॉकमधल्या उदयाचल अतिथिगृहातून दार्जिलिंगपासून सुंदरबनपर्यंतचा कारभार पाहतं.

म्हणजे प्रवासी एका दुपारी पाच-सहा मालकांच्या हद्दीतून फिरतो. चहाचे कप टाकतो, बसला उभा राहतो, स्वच्छतागृह शोधतो. ते बहुतेक सगळं मात्र एकाच संस्थेच्या वाट्याला येतं. ती संस्था महानगरपालिका, आणि वरच्या यादीत तिचं नाव मालक म्हणून जवळपास कुठेच आलेलं नाही.

याचं मूळ सॉल्ट लेकमध्ये नाही, आपल्या राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांना ज्या कामांची यादी मिळाली तीत १८ बाबी आहेत. बागा, क्रीडांगणं, दहनभूमी, कोंडवाडे, कत्तलखाने, पथदिवे आणि सांस्कृतिक संवर्धनसुद्धा. पर्यटन नाही. पर्यटन हा राज्याचा विषय मानला गेला आणि राज्यांनी तो महामंडळांच्या हवाली केला. पश्चिम बंगालचं महामंडळ १९७४ चं, आपलं एमटीडीसी १९७५ चं. दोन्ही कंपनी कायद्याखालच्या कंपन्या. अतिथिगृहं चालवायची, सहली काढायच्या, जाहिरात करायची, हा त्यांचा पिंड. कंपनीला नफातोटा असतो, नागरिक नसतात. सॉल्ट लेकमधल्या एखाद्या रहिवाशाला उदयाचलच्या संचालक मंडळात बोलण्याची सोय नाही, आणि कंपनी कायद्यात ती असावी अशी अपेक्षाही नाही.

पैशाची वाट तर २०१७ मध्ये आणखी लांब गेली. त्याआधी हॉटेलातल्या खोलीवर राज्यांचा ऐषाराम कर असे. बंगालचा कायदा १९७२ चा, महाराष्ट्राचा १९८७ चा. तोही शहराच्या तिजोरीत जात नव्हता, पण निदान प्रवाशाच्या नावाने वेगळा मोजला जाई. त्या लेखाशीर्षाखालची जमा पाहिली की राज्यात प्रवासी वाढला की घटला, याचा अदमास येई. १ जुलै २०१७ रोजी हा कर जीएसटीत विरघळला. करमणूक कराचंही तेच झालं. घटनेत एक फट मात्र राखली आहे : पंचायत किंवा नगरपालिका स्वतः करमणुकीवर कर बसवू आणि वसूल करू शकते. त्या फटीतून फारशा नगरपालिका आत शिरत नाहीत. कारण उघड आहे. वर १८ टक्के जीएसटी बसलेला, त्यावर नगरपालिकेने आणखी बोट ठेवलं तर तिकीट महागतं आणि ओरड नगरसेवकाच्या दारात होते. मनोरंजन उद्यानांवर आधी २८ टक्के जीएसटी होता, तो २०१८ च्या जानेवारीत १८ वर आणला, तेव्हा उद्यानवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. त्यात स्थानिक कराची भर कोण घालणार?

बाहेर हे वेगळ्या पद्धतीने चालतं. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात शहरांना पर्यटन आयोग नेमण्याची कायदेशीर मुभा आहे. आयोग सात जणांचा. त्यात हॉटेलवाल्यांच्या संघटनेने सुचवलेले, उपाहारगृहांचे, व्यापारी मंडळाचे, आणि शहराने नेमलेले असे सदस्य. पैसा खोलीभाड्यावरच्या तीन टक्क्यांपर्यंतच्या करातून, आणि तो प्रसिद्धी व पर्यटनासाठीच राखलेला. दरवर्षी शहराच्या सभागृहापुढे पैशाची मागणी मांडायची, स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून वह्या तपासून घ्यायच्या. या कायद्यातली मला सर्वांत आवडलेली तरतूद अशी की कराचा पैसा कुठल्याही हॉटेलाला वा उपाहारगृहाला अनुदान म्हणून देता येत नाही. हॉटेलवाले आयोगावर बसलेले असल्यामुळेच ती घालावी लागली असणार! ज्याने कायदा लिहिला त्याला माणसं ओळखता येत होती. अशा आयोगांतही भांडणं होतात, बिलं वादात सापडतात. पण वाद घालायला निदान एक वही असते आणि ती कुठे ठेवली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणि आपल्याकडे अगदीच काही नाही असंही नाही. माथेरान घ्या. चार-साडेचार हजार वस्तीचं गाव, मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जाव, आणि आत येणाऱ्या माणसाकडून नगरपरिषद कर घेते. पाचगणी-महाबळेश्वरच्या नाक्यांवरही आपण पावत्या फाडलेल्या आहेत. त्या पावतीवर कुरकुर करत असतानाही एक गोष्ट सरळ असते : घोड्यांची लीद जी नगरपरिषद उचलते, तिच्याच हातात आपले पैसे पडतात. पंढरपुराचा अनुभव याच्या उलट दिशेने गेला. तिथे पूर्वी नगरपालिका वारकऱ्यांकडून यात्राकर घेई. तो कर गेला ते बरंच झालं. विठोबाच्या दारी जाणाऱ्या गरिबाकडून नाक्यावर पैसे घेणं कुणाला रुचावं? पण त्याच्या जागी शासनाचं यात्रा अनुदान आलं, आणि अनुदान म्हटलं की मागणं, स्मरणपत्रं आणि वाट पाहणं आलं. वारीचा दिवस मात्र अनुदानासाठी थांबत नाही. आषाढी एकादशी ठरल्या तिथीलाच येते.

सॉल्ट लेकला माथेरानचा नाका चालणार नाही. इथे नाका घालायचा कुठे? उल्टाडांग्याला की चिंगडीघाट्याला? व्हेनिसने २०२४ च्या २५ एप्रिलपासून दिवसभरासाठी येणाऱ्यांना निवडक दिवशी पाच युरो लावले. पैसे जमले, गर्दी कमी झाल्याचं काही दिसलं नाही. व्हेनिस तरी पाण्याने वेढलेलं आहे. आपल्या गावात सकाळी येणारा माणूस संगणक कंपनीत कामाला आलाय, रुग्णालयात आलाय, की निक्को पार्कला, हे सांगणार कोण? प्रवेशशुल्काचा विचार मी इथेच सोडतो.

आता पुस्तक मेळ्याकडे येऊ, कारण सॉल्ट लेकच्या पर्यटनाचा खरा चेहरा मला तिथे दिसतो.

कोलकाता पुस्तक मेळा १९७६ साली सुरू झाला तो शहरातल्या ‘मैदान’ या पटांगणावर. पब्लिशर्स अँड बुकसेलर्स गिल्डने तो काढला आणि वाढवला. १९९७ मध्ये तिथे आग लागून मेळ्याची राख झाली, तरी त्याच हंगामात तो पुन्हा उभा राहिला, हे जुने लोक अजून सांगतात. पुढे मैदानावरच्या धुळीचा आणि झाडांचा प्रश्न न्यायालयात गेला आणि २००७ मध्ये मेळ्याला मैदान सोडावं लागलं. तो आला सॉल्ट लेकच्या स्टेडियमच्या आवारात. २००८ मध्ये पार्क सर्कसला मांडव उभे राहिले, आणि उद्घाटन तोंडावर असताना उच्च न्यायालयाच्या आदेशाने सगळं थांबलं. पुन्हा सॉल्ट लेकच कामी आलं. मग काही वर्षं मिलन मेळ्याचं मैदान, आणि २०१८ पासून आपलं सेंट्रल पार्क. २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रो धावू लागली, करुणामयीचं स्थानक मेळ्याच्या तोंडाशी आलं, आणि मैदानाला बोईमेला प्रांगण असं कायमचं नाव मिळालं. अलीकडच्या वर्षांत गिल्ड जाहीर करतं ते भेटींचे आकडे पंचवीस लाखांच्या पुढचे असतात.

यात पर्यटन खात्याची जाहिरात किती? जवळजवळ नाहीच. बंगालच्या पर्यटनाच्या जाहिरातींतून शाहरुख खान दार्जिलिंगचे डोंगर आणि सुंदरबनचं पाणी दाखवत होता. करुणामयीच्या चौकाकडे कॅमेरा वळण्याचं कारण नव्हतं. तरीही हिवाळ्यातल्या त्या दोन आठवड्यांत सॉल्ट लेकला जितकी माणसं येतात तितकी डोंगरावरच्या कितीतरी थंड हवेच्या गावांना वर्षभरात येत नसतील. प्रवेश मोफत, आणि तो मोफतच असावा. पुस्तकाकडे जाणाऱ्या माणसाला तिकिटाच्या रांगेत उभं करू नये, या मताचा मी आहे. पण मोफत प्रवेश म्हणजे गर्दीच्या हिशेबात जमेची बाजू कोरी. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण बारासात, हावडा, दमदम, बेहाला इथून येतात आणि रात्री घरी जातात. हॉटेलात मुक्काम नाही, म्हणून मुक्कामांवरून काढलेल्या पर्यटकांच्या गणतीतही ते नाहीत. पंचवीस लाख भेटी, आणि त्यातला क्वचितच कुणी सरकारी व्याख्येने पर्यटक! मात्र त्याने खाल्लेल्या फिश फ्रायचा कागद खराखुरा असतो.

मेळा गिल्डचा, मैदान सरकारी यंत्रणेचं, बंदोबस्त पोलिसांचा, मेट्रोच्या जादा फेऱ्या रेल्वेच्या, कचरा आणि फिरती स्वच्छतागृहं नगराची. प्रत्येकाकडे आपापल्या खर्चाचा कागद असणार. तो वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली विखुरलेला आहे, म्हणून मेळा गावाला केवढ्याला पडतो आणि गावातल्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना किती देऊन जातो, हे एका जागी सापडत नाही. माझी तक्रार इथे आहे. भ्रष्टाचाराचा आरोप मी करत नाही. तो करायलाही आधी हिशेब समोर लागतो.

दुर्गापूजेचं पाहा. १५ डिसेंबर २०२१ रोजी युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याच्या आधीच, २०१९ च्या पूजेचा अभ्यास करून ब्रिटिश कौन्सिल, आयआयटी खडगपूर आणि लंडनचं क्वीन मेरी विद्यापीठ यांनी पूजेभोवतीच्या सर्जनशील उद्योगांची उलाढाल ३२,३७७ कोटी रुपये काढली होती, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या २.५८ टक्के. हा आकडा मंत्री, संपादक, पूजेचे आयोजक सगळे सांगतात. मीही सांगितला. तो उलाढालीचा आहे, नगराच्या उत्पन्नाचा नव्हे, हे सांगायचं मात्र बहुतेकांचं राहून जातं.

या पूजांना सरकारने २०१८ मध्ये अनुदान सुरू केलं. तेव्हा ते समितीमागे दहा हजार रुपये होतं आणि समित्या २८ हजार. प्रकरण न्यायालयात गेलं तेव्हा सरकारचं म्हणणं होतं की हा पैसा पूजेसाठी नाही, पोलिसांच्या ‘सेफ ड्राइव्ह, सेव्ह लाइफ’ या वाहतूक सुरक्षेच्या मोहिमेसाठी आहे. २०२० मध्ये रक्कम पन्नास हजार झाली आणि उच्च न्यायालयाने सांगितलं की त्यातले ७५ टक्के मास्क व सॅनिटायझरवर आणि उरलेले पोलीस-जनता संबंधांवर खर्च करा. २०२४ मध्ये ८५ हजार, २०२५ मध्ये एक लाख दहा हजार. चाळीस हजारांहून अधिक समित्या धरल्या तर रक्कम चारशे कोटींच्या पुढे जाते. २०२५ मध्ये न्यायालयाला पुन्हा विचारावं लागलं : मागच्या वर्षीच्या पैशाची उपयोगिता प्रमाणपत्रं कुणी दिली, कुणी नाही? ज्यांनी दिली नाहीत त्यांना नवा पैसा नाही, असा आदेश झाला.

मला या अनुदानाचं वैर नाही. आमच्या महाराष्ट्रातही २०२५ मध्ये गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला गेला, तेव्हा हाच प्रश्न आज ना उद्या तिथेही उभा राहील. खटकतं ते लेखाशीर्ष. उत्सवाला आणि पर्यटनाला द्यायचा पैसा वाहतूक सुरक्षेच्या नावाने दिला, की त्याचं फळ कशाने मोजायचं? अपघात किती घटले याने, की प्रवासी किती आले याने? खर्चाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली नाही तर पुढचा सगळा हिशेब खोटा नसूनही निरुपयोगी ठरतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांनी अशा नोंदीपुढे तांबड्या पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढलं असतं.

याउलट ब्लॉक समित्या. सॉल्ट लेकमधली मला सर्वांत भावणारी संस्था हीच. ब्लॉकचं सभागृह, ब्लॉकचं उद्यान, ब्लॉकची पूजा. वर्गणी घरोघरच्या ओळखीतल्या माणसांकडून येते आणि हिशेबाच्या सभेत मूर्तीला किती, मांडवाला किती, भोगाला किती, हे शेजाऱ्यांच्या तोंडावर सांगावं लागतं. ढाक वाजवणाऱ्यांना दिलेल्या रकमेवरून अर्धा तास वाद घालणारे सेवानिवृत्त इंजिनिअर मी पाहिले आहेत. कंटाळवाणा प्रकार खरा, पण आर्थिक देखरेख म्हणतात ती तशीच दिसते. अडचण एवढीच की ज्या ब्लॉकची पूजा गाजते तिथे ब्लॉकबाहेरची गर्दी येते, प्रायोजक येतात, फलक लागतात आणि समिती पूजेऐवजी महोत्सव भरवू लागते. तेव्हा शेजाऱ्यांची सभा अपुरी पडते. २०२१ मध्ये पलीकडच्या लेक टाउनमध्ये एका क्लबाचा बुर्ज खलिफासारखा मांडव पाहायला इतके लोक लोटले की ऐन अष्टमीला प्रवेश बंद करावा लागला. मांडव क्लबाचा, कीर्ती क्लबाची आणि तुंबलेला रस्ता विमानतळाकडे जाणाऱ्या सगळ्यांचा.

स्टेडियमबद्दल फार बोलत नाही; ताजी जखम आहे. १९९७ च्या १३ जुलैला याच मैदानावर मोहन बागान-ईस्ट बेंगॉल सामन्याला एक लाख एकतीस हजारांवर प्रेक्षक होते, भाईचुंग भुतियाने तीन गोल केले, आणि ते सगळे लोक घरी गेले. २०११ मध्ये मेस्सी अर्जेंटिनाकडून इथे खेळून गेला. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत झाली, इंग्लंडने स्पेनला ५-२ हरवलं. आणि २०२५ च्या १३ डिसेंबरला तोच मेस्सी नुसता दर्शन द्यायला आला. हजारो रुपयांची तिकिटं काढून आलेल्यांना मान्यवरांच्या गराड्यात तो धड दिसलाही नाही, थोड्या वेळात तो निघून गेला, आणि मग खुर्च्या उखडल्या. मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, आयोजकाला अटक झाली, निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी समिती बसली. तिकिटांचा पैसा खासगी, खुर्च्या सरकारी, नाव मात्र जगभर सॉल्ट लेकचं गेलं. नगराच्या नावावर पैसे कमावणाऱ्या कार्यक्रमाला परवानगी देताना नगराने अनामत किती घेतली, विमा कुणाचा, परतफेडीची हमी कुणाची, हे आधी विचारणारी जागा कुठे आहे? पोलीस परवानगी सुरक्षेची असते. पैशाची चौकशी चौकशी समितीच्या वेळी होते, म्हणजे खुर्च्या मोडल्यावर.

लेखापरीक्षण होत नाही असं कुणी म्हणू नये. पर्यटन महामंडळ सरकारी कंपनी असल्यामुळे तिचा लेखापरीक्षक कॅग नेमतो, पूरक तपासणी करतो, अहवाल विधानसभेपुढे जातो. आपल्या गावाची एक मौज पाहा : महामंडळ डीजी ब्लॉकमध्ये, आणि कॅगच्या हाताखालची लेखापरीक्षण कार्यालयं डीएफ ब्लॉकच्या सीजीओ संकुलात. बाराखडीने शेजारी! पण ती तपासणी कंपनीची आहे, गावाची नाही. महामंडळाच्या अतिथिगृहातल्या खोल्या रिकाम्या का राहिल्या हे तिच्यात येईल. निवासी भूखंडावर ९९९ वर्षांचा भाडेपट्टा घेऊन उभ्या राहिलेल्या घरांत आज किती खासगी गेस्ट हाउस चालतात, त्यांच्यापासून नगराला व्यवसाय परवान्याच्या शुल्कापलीकडे काय मिळतं आणि शेजाऱ्यांच्या पाण्यावर त्यांचा किती भार पडतो, हे तिच्यात येणार नाही. ते बघणं कॅगचं काम नव्हेच.

मग काय करावं? नवं महामंडळ नको, एवढं आधी सांगतो. अध्यक्षाची गाडी, गाडीवरचा दिवा, दिव्याखालचं कार्यालय, आणि कार्यालयाच्या उद्घाटनाची जाहिरात हा क्रम आपल्याला तोंडपाठ आहे. मला हवी ती महानगरपालिकेच्या कायद्याच्या चौकटीत बसणारी एक लहानशी समिती. तीत नगराचे दोन-तीन सदस्य, ब्लॉक समित्यांचे प्रतिनिधी, गेस्ट हाउसवाल्यांचा एक, गिल्डचा एक, आणि पर्यटन महामंडळाचा एक अधिकारी निमंत्रित. मानधन शून्य. तिने जाहिरात करू नये. जाहिरात करणारे पुष्कळ आहेत. तिने वर्षातून एकदा एक पत्रक काढावं : सॉल्ट लेकमध्ये अमुक इतके मोठे मेळे आणि सामने झाले, प्रत्येकामागे नगराचा सफाई, पाणी, दिवे यांवर इतका खर्च, आयोजकांकडून इतकं शुल्क, इतकी अनामत परत, इतकी जप्त. गेस्ट हाउसांकडून इतकं. राज्याकडून इतकं. ठरावीक आकारापेक्षा मोठ्या तिकीटवाल्या कार्यक्रमाला या समितीकडे हमीची रक्कम भरल्याशिवाय नगराचा ना-हरकत दाखला मिळू नये. आणि जीएसटीतल्या राज्याच्या वाट्यातून अशा नगरांना प्रवाशांच्या प्रमाणात थोडा भाग परत मिळावा, ही मागणी त्या पत्रकाच्या आधारे करता येईल. पत्रकाशिवाय केलेली मागणी भीक ठरते.

यावर एक आक्षेप मला आत्ताच समोरच्या रांगेतून ऐकू येतो आहे : ‘अहो, हिशेब काढत बसलात तर उत्सवातली मजा जाईल.’ बंगाली माणसाच्या उत्सवातली मजा जमाखर्चाने जाईल असं ज्याला वाटतं त्याने बंगाली माणूस पाहिलेला नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. समितीत राजकारण शिरेल, हमीची रक्कम आपल्या माणसाला माफ होईल, नावडत्याला दुप्पट लागेल. हो, हे होऊ शकतं. म्हणूनच पत्रक छापील हवं आणि माफीचं कारण त्यात लिहिलेलं हवं. देखरेख म्हणजे सज्जन माणसांची वाट पाहणं नव्हे; दुर्जनालाही कारण लिहून द्यायला लावणं, एवढंच आपल्या हातात असतं.

हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर आपण, या गावात राहणारे मराठी लोक, एक काम करू शकतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे, अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची. पुढचा पुस्तक मेळा संपला की बिधाननगर महानगरपालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. बंगालीत, इंग्रजीत, जमेल तसा. दोनच गोष्टी विचारा : मेळ्याच्या दिवसांत सफाई, पाणी आणि स्वच्छतागृहांवर नगराने किती खर्च केला, आणि त्यापोटी आयोजक किंवा राज्य सरकार यांच्याकडून नगराला किती मिळालं. आलेलं उत्तर या व्याख्यानमालेच्या संयोजकांकडे आणून द्या. पुढच्या वर्षीच्या वक्त्याने ते इथे वाचून दाखवावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.